नानांना राहवत नाही

दिगंबरनानांकडं गाडी नाही, पण हेल्मेट तीन आहेत. चष्मा लागत नाही, तरी चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा कपाटात पडून. खुंटीला साडीचे फॉल लटकलेले, हिरवे, मोरपंखी, कसले कसले. आमच्या शेजारी राहायला आले आणि मी पहिल्यांदा हा सगळा पसारा बघितला, तेव्हा मला वाटलं, म्हातारं चळलं.

मग हळूहळू उलगडा झाला. नाना कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी परभणीतल्या पोरांना कामाला लावायचा नाद धरला. बारावी, बीए करून दिवसभर मोबाइल घासत बसलेली पोरं-पोरी धरायची, काय आवडतं ते विचारायचं आणि दोन-तीन महिन्यांसाठी कुठल्यातरी दुकानात नाहीतर कारखान्यात चिकटवून द्यायचं. काम बघायला, पण पगारी.

दुकानदार म्हणतो, "आधी शिकू द्या नाना, पैशाचं मग बघू."

"शिकताना भूक लागत न्हाई का लेकराला? फुकट राबवायचं आसंल तर आमी चाललो," म्हणत नाना खरंच चालू लागतात. आणि दुकानदार मागून हाका मारत येतो. मला अजून भाजीवाली कोथिंबिरीत रुपया सोडत नाही, म्हणून मी या माणसाकडं बघतच राहते.

पोर एकदा कामाला लागलं की यांना घरी चैन पडत नाही. "निस्तं बघून येतो, वैनी. लेकरू घाबरलंय का काय." जातात, आणि रिकाम्या हातानं कसं परतायचं म्हणून त्या दुकानातलं कधी फॉल, कधी फ्रेम, कधी हेल्मेट विकत घेऊन येतात.

हसत होते मी. मग वेळ माझ्यावर आली.

माझी अश्विनी बारावीला नापास झाली आणि खोलीत जाऊन बसली. वर्ष झालं. पाहुणे आले की कडी लावायची. माझ्याशीसुद्धा 'हं' आणि 'नको' एवढंच. मी रागावून बघितलं, रडून बघितलं, नवससुद्धा बोलले. खरं सांगते, पोर हातची जाते की काय अशी भीती वाटत होती.

नाना एका सकाळी तिच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले. "बाई, काय आवडतं तुला?"

नानांनी स्टूल दाराला आणखी चिकटवलं.

"बरं, काय आवडत न्हाई?"

आतून आवाज आला, "माणसं."

मी कपाळाला हात लावला. नानांचा चेहरा मात्र खुलला. "मग सोपंच हाय की. झाडं चालतील?"

झाडं चालली. पेडगावच्या रस्त्याला एक नर्सरी आहे, तिथं अश्विनी आंब्याची कलमं बांधायला जाऊ लागली. गावठी रोप चिरायचं, त्यात केशर आंब्याची काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची, वरून प्लास्टिकची टोपी घालायची. पालवी फुटेपर्यंत ती टोपी काढायची नाही, नाहीतर काडी वाळते. हे सगळं तिनं एका रात्री जेवताना मला आपणहून सांगितलं. मी भाकरी थापता थापता पदरानं डोळे पुसले.

आणि एक दिवस ती दुपारीच घरी आली. कडी लागली. तिची एक आख्खी रांग वाळली होती, टोप्या कुणीतरी काढून पुन्हा घातलेल्या. मालकानं तिलाच दोष देऊन सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको.

नाना आले, ऐकलं. मग बंद दारापाशी गेले.

"बाई, मीच काढल्या गं. दुपारी तू डबा खायला बसली की मी गुपचूप नर्सरीत शिरायचो. लागलं का, फुटलं का, लय घोर लागला होता मला. रोज काढून बघितल्या."

 रागवावं का हसावं तेच मला कळेना. नाना तसेच चपला घालून नर्सरीत गेले आणि सगळ्या गड्यांसमोर मालकाला हेच सांगून आले. मालक म्हणाले, "मग रांग तुमीच भरून द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पुन्हा दाराशी हजर. "बाई, मला तर चिरतासुद्धा येत न्हाई. शिकवायला चल."

 कडी निघाली.

दुपारी डबा द्यायचं निमित्त करून मी नर्सरीत गेले. फाटकापाशीच अश्विनीचा आवाज ऐकू आला. "नाना, पट्टी खालून वर गुंडाळायची, कितींदा सांगू? आणि टोपीला हात लावलात तर बघा." वर्षभरात मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. नाना मान खाली घालून उभे, दोन्ही हात चिखलानं माखलेले, एकात कलमाचा चाकू.

"अगं, मोठ्या माणसाशी असं बोलतात का?" मी पुढं झाले.

नानांनी मला थांबवलं. "बोलू द्या, वैनी," ते हळूच म्हणाले. "आमची ही गेल्यापास्नं मला रागवायला कुणीच ऱ्हायलं न्हाई."

 अश्विनीनं त्यांच्या हातातला चाकू काढून घेतला, पुसला आणि परत दिला.

"उद्या वेळेवर या," ती म्हणाली. "उशीर केलात तर आणखी रागवीन."