जंत निवडणारे आप्पा

"हळू धरा, पोटुशी हाय बाई."

"मग बारसं कवा, आप्पा?"

शिरूरच्या एका मटणाच्या दुकानामागे हे माझ्या कानावर आलं. वजडी धुणाऱ्या मामांच्या बोटावर दोऱ्यासारखा एक जंत वळवळत होता आणि एक म्हातारे गृहस्थ त्याच्याखाली काचेची ताटली धरून उभे होते. हेच आप्पा.

आप्पा न्हावऱ्याचे, गुरांच्या दवाखान्यातून ड्रेसर म्हणून निवृत्त झालेले. मी दौंडची. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातल्या या जंतावर माझं संशोधन चालू आहे. नर आणि मादी, दोघांची जनुकं जवळजवळ सारखीच. मग कोणती कुणात चालू होतात, कोणती गप्प राहतात? त्यासाठी ताजे जंत हवेत, नर वेगळे, माद्या वेगळ्या. मी एकेकासाठी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. आप्पा तांदूळ निवडावेत तसे चिमट्यानं निवडायचे. मादीच्या अंगात लाल-पांढरा पीळ दिसतो. "बाई नटल्याली, गडी निसता तांबडा. ह्याला कशाला मशीन?"

जंतांना ते जंत म्हणत नाहीत, 'मंडळी' म्हणतात. मंडळींना ऊन लागू नये म्हणून ताटलीवर स्वतःची टोपी धरतात आणि टक्कल तापवून घेतात. ज्या बोकडाचं रक्त ही मंडळी पीत होती, त्याच्याबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

माझा विषय मी त्यांना एकदा अर्धा तास समजावला. ते म्हणाले, "म्हंजी मीटर एकच. कुणाची मोटार चालू आन् कुणाची बंद, येवढंच ना, म्याडम?"

माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यात बसलं.

आम्ही बुधवारी भेटतो. त्यांच्या सूनबाई एकदा फोनवर म्हणाल्या की सासूबाई गेल्यापासून आप्पा दिवसदिवस ओट्यावर गप्प बसून असतात. मंगळवार उजाडला की मात्र शर्टाला इस्त्री करून आणतात.

गेल्या महिन्यात निकाल आले. माद्यांच्या चार नळ्यांत अंड्यांची जनुकं साफ गप्प होती. मला कारण लगेच कळलं. माद्यांच्या नळ्यांना लाल झाकण, नरांच्या निळं, अशी आमची पद्धत. एका बुधवारी निळी झाकणं संपली, म्हणून नरांच्या चार नळ्यांना मी लाल लावली. "गड्यांना लाल?" आप्पांनी तेव्हाच विचारलं होतं. नळ्यांवर लिहिते, असं मी म्हणाले आणि विसरले. हे माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायला माझी जीभ उचलेना.

चूक निवडण्यात झाली असं समजून बुधवारी सर पुण्याहून स्वतः आले. आप्पांशी फार सौम्यपणे बोलले. वयानं नजर कमी होतेच, त्यात तुमचा दोष नाही, पुढच्या बुधवारपासून त्रास घेऊ नका. मामांनी वजडी धुणं थांबवलं.

आप्पांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग चिमटा पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"व्हय सायेब, चष्म्याचा नंबर वाढला असंल. पोरीला बोलू नका, तिची चूक न्हाई."

मी चिमटा घेतला नाही.

"सर, झाकणं मी चुकीची लावली. आप्पांचा एकही जंत चुकलेला नाही."