प्रल्हादरावांचं जहाज

आमच्या बरकतपुऱ्यातले प्रल्हादराव कुणाच्याही लग्नाला जात नाहीत, कारण त्यांना घड्याळाला चावी द्यायची असते.

घड्याळ साधंसुधं नाही, जहाजावरचं आहे. भर समुद्रात आपण कुठे आहोत, हे कप्तानाला म्हणे त्याच्या वेळेवरून कळायचं. प्रल्हादरावांनी ते जुन्या बाजारातून आणलं. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, आणि हुसेनसागर तलावातल्या बोटीत त्यांना उलटी झाली होती. पण बोलणं कप्तानाचं. चहाला उशीर झाला तरी, "जहाज बुडेल!"

घड्याळ पेटीत पितळी कड्यांवर असं तोललेलं आहे, की पेटी कितीही डोलो, तबकडी आडवी ती आडवीच. हे सिद्ध करायला त्यांनी एकदा पेटी मांडीवर घेऊन मलकपेठच्या खड्ड्यांतून ऑटो पळवायला लावला. दुर्दैवाने मीही सोबत होतो.

"देखो मियाँ, सडक हिली, घडी नहीं हिली!"

"हौ साब," ऑटोवाला म्हणाला, "लेकिन मेरी कम्मर हिल गई ना!"

चावी रोज सकाळी, ठरल्या वेळीच. त्यापायी सख्ख्या पुतण्याच्या मुंजीलाही ते गेले नाहीत. "मुक्कामाला गेलो तर चावी कोण देणार?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याही हल्ली घराबाहेर दिसत नाहीत. घड्याळापायी बिचारीला डांबून ठेवलंय, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

माझ्या मुलीचं लग्न नांदेडला ठरलं, तेव्हा मात्र मी त्यांच्या घरी जाऊन हट्टालाच पेटलो. मुलगी काकूंच्या मांडीवर वाढलेली.

"घड्याळच घेऊन चला," मी म्हणालो. "समुद्र पालथे घातलेत त्याने, नांदेड काय जड आहे? आमची ही त्याला वेगळं पान वाढेल."

प्रल्हादरावांनी घाईघाईने पेटी मागे सरकवली. मी ती ओढून झाकण उघडलं. काटे थांबलेले होते आणि चावीवर धूळ बसली होती.

"कधीपासून बंद आहे हे?"

"झालं वर्षभर."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "अहो, आपण घरी कधी जायचं?"

"हे काय, पोचलोच!" ते मोठ्यांदा म्हणाले. मग हळूच मला म्हणाले, "आजारपणानंतर तिला काही आठवत नाही हो. परक्या जागी फार घाबरते. लोकांनी तिला काही म्हणण्यापेक्षा मला येडा म्हणू दे."

 मी झाकण लावलं.

घरी आलो तर बायको दारातच उभी. "येतात का?"

"कसले येतात!" मी म्हणालो. "चावी द्यायची आहे ना. जहाज बुडेल."