साहेबांच्या सोयीने रामजन्म

आमच्या गावच्या देवळात रामाचा जन्म चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता होत असे. ही गोष्ट शहाऐंशी सालापूर्वीची. तिला साक्षीदार पुष्कळ आहेत, कबूल कोणी होत नाही.

गाव रत्नागिरीजवळचं, अगदी समुद्राला लागून. ओहोटीला होडीतून उतरलं की गुडघाभर चिखल, म्हणून आम्हाला धक्का हवा होता. तो मागायला सरकारी कचेरीत गेलो तेव्हा कळलं, की 'परंपरा जपणारी सागरी गावे' अशी एक यादी तयार होत आहे. यादीत नाव लागलं की धक्का. मात्र वर्षभराचे सण तिथल्या साहेबांनी समक्ष पाहून प्रमाणित करायला हवेत.

नारळी पौर्णिमा बुधवारी होती. साहेबांना रविवार सोयीचा. समुद्र त्याआधीच शांत झाला, याबद्दल उत्सवसमितीचे अध्यक्ष रावजी यांनी समुद्रातर्फे दिलगिरी व्यक्त केली. गणपतीचं विसर्जन फोटोत नीट येईना, म्हणून तोच गणपती तीनदा बुडवला. तिसऱ्यांदा मूर्ती विरघळली होती, म्हणून नुसता पाट बुडवला. शिमग्यात पालखी घरोघरी जाते, पण साहेबांना चढ झेपेना. मग पालखी त्यांच्या खुर्चीशेजारी थांबली आणि घरंच आरतीचं ताट घेऊन रांगेत आली.

राहिली रामनवमी.

आमचे कीर्तनकार हरिहरबुवा एकतीस वर्षं घड्याळाकडे न बघता बाराच्या ठोक्याला जन्म साधत. ते ऐकताना मला वाटे, वैकुंठ वगैरे असेल तर त्याचा दरवाजा ह्या सभामंडपातच उघडतो. मी पहिल्या रांगेतला श्रोता. देवळातल्या लंबकाच्या घड्याळाची किल्ली माझ्याकडे.

सकाळीच रावजींनी बजावलं, "बुवा, साहेब आल्याशिवाय जन्म व्हायचा नाही हां!"

"रावजी, ते माझ्या हातात नाही."

"मग कोणाच्या? अर्ज त्यांच्याकडे करू."

साडेअकरा झाले, जीपचा पत्ता नाही. रावजी माझ्या कानाशी आले. "घड्याळ थांबव. बारा वाजलेच नाहीत, तर उशीर कसला?" ह्या युक्तिवादात मला खोट सापडली नाही. पाच मिनिटं कमी असताना मी स्टुलावर चढून लंबक धरला.

बुवांना गावाला धक्का हवा आहे हे ठाऊक होतं. त्यांनी आख्यान ताणायला घेतलं. कैकेयीचं पायस पळवणारी घार त्यांनी भाट्यावरून, दाभोळवरून फिरवून आणली. कौसल्येला डोहाळे लागले, तेही हापूसचे. ते संपले म्हणून पुन्हा लागले. पेटीवाल्याला डुलकी आली. पोरं रडून झोपली. बुवांचा आवाज बसत चालला.

जन्म झाल्याशिवाय उपास न सोडणाऱ्या कमलाकाकू पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. त्या उठल्या.

"अहो बुवा, त्या बाईला किती ताटकळत ठेवाल? माझी पाच बाळंतपणं झाली. साहेबांसाठी एकही अडलं नाही!"

बाया हसल्या. बुवा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय मागत होते ते मला स्वच्छ कळलं. मी रावजींकडे पाहिलं आणि लंबक आणखी घट्ट धरला.

जीप आली. मी हात सोडला. पाच मिनिटांनी बाराचे ठोके पडले, गुलाल उधळला, पाळणा हलला. "अगदी ठोक्याला! काय शिस्त आहे!" असं म्हणत साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ नोंदवली : तीन वीस.

धक्का आला नाही. प्रमाणपत्र आलं : 'या गावी रामजन्म परंपरेनुसार दुपारी तीन वीस वाजता होतो.' पुढल्या वर्षी बुवा म्हणाले, "बाराला घेऊ या." रावजींनी प्रमाणपत्र दाखवलं. "परंपरा मोडायची म्हणता?" बुवांनी झांज पिशवीत घातली आणि आंजर्ल्याची वाट धरली. म्हणतात, तिथे अजून बारालाच होतो.

आता नवे बुवा तीन वीस बरोबर साधतात. मी पहिल्या रांगेत मान डोलावतो. कोणी विचारलंच, तर 'पूर्वापार आहे' म्हणतो.

हसताय? हसा. पण घरी गेल्यावर तुमची एखादी पूर्वापार चाल नीट न्याहाळा. त्या दिवशी कोणाची जीप उशिरा आली होती, ते कोणीही सांगेल. लंबक कोणी धरला होता, ते मात्र आपल्या हातांना विचारा.