सशांच्या गोळ्या

हरिभाऊ कंपाउंडर सशांना घालायचं खाणं आधी स्वतः खाऊन बघत. चिमूटभर जिभेला लावून त्यांचं भागत नसे. चांगल्या दोन-तीन गोळ्या दाताखाली फोडायच्या, डोळे मिटायचे आणि सावकाश चावत राहायचं. मग अंगणात जो कोणी उभा असेल त्याच्यापुढे डबी धरून म्हणायचे, "घ्या. कडू लागते का सांगा." जव्हारात आमच्या आळीतून जाणाऱ्या बहुतेकांनी ती गोळी एकदा तरी खाल्ली आहे. मी चार वेळा खाल्ली. चारही वेळा वार आणि तिथी लिहून ठेवली.

लिहून ठेवायची मला सवयच आहे. मी संस्थानच्या कोठीवर कारकून. आलेलं भात, गेलेली नाचणी, फाटलेली पोती, उंदरांनी खाल्लेली दोरी, सगळ्याची यादी माझ्याकडे. हरिभाऊ माझे शेजारी. उभा जन्म त्यांनी दवाखान्यात औषधं खलण्यात आणि गोळ्या वळण्यात काढला. सेवेतून मोकळे झाले तेव्हा दवाखान्यानं टाकून दिलेली गोळ्या वळायची खाचांची फळी तेवढी मागून घरी आणली. बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून एक वाक्य त्यांच्या तोंडात बसलं होतं: "दिवसातून तीनदा, जेवणानंतर." मोखाड्याच्या घाटात गाडी मोडली का, असं विचारलं तरी म्हणत, "मोडते की. दिवसातून तीनदा, जेवणानंतर." माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमत नव्हतं, त्यावरही त्यांनी हाच उतारा सांगितला होता.

ससे त्यांच्या पत्नीचे, आमच्या काशीवहिनींचे. पांढरे, लाल डोळ्यांचे. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरानं जाताना दिलेले. घरात मूलबाळ नव्हतं, वहिनींनी ते पोराबाळांसारखे वाढवले. पाच होते. मागच्या पावसाळ्यात ओलं गवत खाऊन तिघांची पोटं फुगली आणि ते गेले. पुढे थंडीत वहिनीही गेल्या. उरले दोन ससे आणि हरिभाऊ.

"कोठावळे," फाल्गुनात ते मला म्हणाले, "यंदाचा पावसाळा या दोघांना काढून द्यायचा. बाकी मला काही काम नाही."

जव्हारचा पाऊस म्हणजे चार महिने चुलीतलं सरपणसुद्धा ओलं. तेव्हा खाणं हवं कोरडं, टिकाऊ, पोटाला मानवणारं आणि पेन्शनीत बसणारं. नव्या डॉक्टरसाहेबांनी सल्ला दिला, मुंबईहून ओट नावाचं विलायती धान्य मागवा. हरिभाऊंनी भाव विचारला आणि म्हणाले, "मग ससे ओट खातील आणि मी ससे खाईन."

ते फळी घेऊन बसले. पहिल्या खेपेला तांदळाचा कोंडा घेतला. आठवड्यात त्याला खवट वास आला. दुसऱ्या खेपेला गूळ घातला. सशांनी मिटक्या मारल्या आणि दोन दिवस हगले. तिसऱ्यात कुळथाचा भरडा जास्त झाला, पोटं टम्म. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "ससा गवतावर जगतो हो. दाणा ही त्याची चैन. मी रोग्याला नुसतं श्रीखंड चारत होतो!" चौथ्या खेपेला वाळलं गवत कुटून निम्म्याहून जास्त, मग नाचणीचा कोंडा, शेवग्याचा वाळवलेला पाला, कुळीथ नावाला, आणि सगळं नाचणीच्या पेजेत मळून खडखडीत वाळवलेलं. गोळी कडक हवी, नाहीतर सशाचे दात वाढत जातात.

गवत साखरशेतची सोनी आणायची. डोंगरातली बाई, राजालाही अरेतुरे करणारी. भारा टाकून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कंपोंडर, आमी ससा मारून खातू. तू त्याला गोल्या करून घालतं. असा मानूस मी नाय पायला."

"तू एक खाऊन बघ."

सोनीनं खाल्ली. बराच वेळ चावली. "माजी म्हस बी खाईल," ती म्हणाली. हा हरिभाऊंना मिळालेला सर्वांत मोठा मान.

दर शनिवारी ते टोपलीतून ससे कोठीवर आणत. मी तागडीत घालून वजन करी आणि यादीत मांडी. आषाढ गेला, बाहेर हात दिसेना असा पाऊस, आणि ससे पावशेरानं जास्त भरले. हरिभाऊंनी टोपली उचलली तेव्हा त्यांचा कोट खांद्यावरून घसरला. त्यांनी तो वर ओढला. पुन्हा घसरला.

ते गेल्यावर मी कोठीची यादी काढली. श्रावण लागला होता. पेन्शनीतून हरिभाऊ कोठीवरून कोंडा आणि कुळीथ नेत होते ते दोन सशांना पुरून उरेल इतकं. तांदूळ मात्र त्यांनी होळीपासून नेलाच नव्हता. मला माझाच राग आला. दर शनिवारी मी वजनं मांडत होतो आणि ज्याचं घटत होतं त्याला एकदाही तागडीत बसवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. पडवीत खुराड्यापाशी हरिभाऊ पाटावर बसले होते. सशांपुढे बशी, हरिभाऊंपुढे बशी. दोन्हींत गोळ्या. आत चूल थंडगार, तिच्यावर मांजराची जागा झालेली.

"हरिभाऊ, हे काय?"

ते ओशाळले. "माझ्यात गवत कमी घालतो," म्हणाले.

मी खुराड्याला टेकून खाली बसलो. मग तेच म्हणाले, "दवाखान्यातून मला यायला रोज तिसरा प्रहर व्हायचा. ती म्हणायची, माझं झालं जेवण. मला वाटायचं, उरकत असेल कुठंतरी. शेवटच्या आजारात सांगितलंन, की रोज इथं, यांच्यापाशी पान घेऊन बसायची. म्हणाली, कुणीतरी समोर चावत असलं की घास उतरतो." त्यांनी बशीतली एक गोळी सरळ केली. "उतरतो, खरंच."

मी उपरण्यानं तोंड पुसलं, कोठीवर गेलो आणि चिठ्ठी लिहिली: "हरिभाऊ कंपाउंडर यांस कोंडा रोजच्या रोज मिळेल. दिवसातून एकदा, जेवणानंतर. जेवण आमच्या घरी."

हरिभाऊंनी ती हात लांब करून वाचली. "मात्रा कोणी ठरवली?"

"मी."

"कारकुनाला अधिकार आहे का तसा?"

"कोंड्यापुरता आहे."

दुसऱ्या दिवशी भर पावसात, डोक्यावर इरलं, काखेत टोपली घेऊन हरिभाऊ आमच्या दारात. आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. "अहो भाऊजी, या पावसात त्यांना कशाला आणलंत?"

"एकटे जेवत नाहीत हो, वहिनी," हरिभाऊ म्हणाले आणि टोपली पाटाशेजारी ठेवली.

सशांपुढे त्यांनी मोजून चार गोळ्या टाकल्या. मग भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले आणि सावकाश चावू लागले.

"कडू नाही ना?" आमच्या मंडळींनी विचारलं.

हरिभाऊंनी मान हलवली. डोळे मात्र त्यांनी बराच वेळ उघडले नाहीत.