कणकेतली पुडी

या बाप्पा, जरा पुढे सरका. मृदंगावर बसून कीर्तनात गेलेल्या एका पुडीची गोष्ट सांगतो.

पांढुर्ण्याच्या मधुकरने जामसांवलीच्या मारुतीपुढे हातात पाणी घेऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता. सुटला मात्र तो फक्त बायकोच्या, मालतीच्या डोळ्यांदेखत. तिनं तिथंच सुनावलं होतं, "पुन्हा पुडी दिसली त मी तिगावले माहेरी. मंग वाजवत बसा मुरदुंग."

सौसरच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला साथ मधुकरची होती. आदल्या दिवशी भाचा गौरव जेवायला आला. त्याची कंपनी मंडपाच्या फाटकावर झडतीचं नवं यंत्र लावून पाहणार होती.

"टेराहर्ट्झ यंत्र आहे, मामा. अंगाले हात न लावता कपड्याआडचं सारं दाखवते. काय वस्तू आहे, तेबी पडद्यावर लिहून येते."

"पुडीबी?" मधुकरनं हातातला घास ताटात ठेवला.

"लगेच! पन ओल्यापुढं त्याचं काई चालत नाई. पानी आलं का पल्याडचं दिसत नाई."

मालतीनं भाकर वाढली. "तुमाले कायची चिंता? तुमी त सोडला ना?"

खर्र्याशिवाय मधुकरचा हात दुसऱ्या अभंगालाच गळायचा. पण मृदंग घुमावा म्हणून त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. सकाळी त्यानं दुप्पट कणीक भिजवली, मृदंगाच्या खोळीत लपवलेली खर्र्याची कागदी पुडी काढली आणि न उघडताच कणकेत दाबली.

फाटकावर एका आजीच्या ओच्यातला पेढासुद्धा यंत्रानं नावासकट सांगितला. मृदंगाच्या जागी मात्र पडद्यावर नुसता काळा डाग उमटला.

"मामा, हे काय?"

"कणीक."

"एवढी?"

"काला आहे आज!"

मधुकर सुटला, पण मृदंग अडला. घुमेचना. बुवा मागे वळून म्हणाले, "मधुकरराव, मुरदुंग उपाशी आहे का?" सगळा मंडप हसला. मधुकरनं देवाचं नाव घेऊन सणसणीत थाप मारली. कणीक उडाली, पुडी फुटली आणि बुवांचा पांढरा फेटा केशरी झाला.

शेंदूर!

"मारुतीराया परगटला!" कोणीतरी ओरडलं. लोक मधुकरच्या पाया पडू लागले. त्यानं बायकांकडे पाहिलं. मालती शांतपणे टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पुडी भेटली होती मले खोळीत. खर्रा फेकला, जामसांवलीचा शेंदूर भरला. म्हटलं, खोलाल तवा मारुतीलेच तोंड दाखवा."

"मंग आता माहेरी जातं?"

"कायले? आता सारं गावच तुमच्यावर नजर ठेवून राहिलं."

खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी मधुकर तोंड लपवत पानठेल्यावर गेला, तर ठेलेवाला चपला काढून उभा राहिला. "महाराज, तुमाले खर्रा देऊ? नरकात जाईन मी!" सावरगावच्या ठेल्यावर तर त्याच्या गळ्यात हार पडला.

तेव्हा मायबापहो, शनिवारी मारुतीपुढे हात जोडाल, तेव्हा रिकामं तोंड चघळत बसलेल्या त्या मधुकरची आठवण ठेवा. फक्त त्याच्या पाया पडू नका.