लाडकीच्या लग्नाला पाहुणं गाणं

बोंडारपाड्याचं लग्नाचं गाणं करारानुसार उत्तरेच्या थंड समुद्रातल्या एका बेटावर राहायला गेलं, आणि त्या बेटाचं एक गाणं बोंडारपाड्यात राहायला आलं. गाणं गेलं म्हणजे खरोखरच गेलं. ते गाऊन पाड्यावरची लग्नं लावणारी धवलेरी म्हणजे चिमीबाय. तिलाही त्यातला एक शब्द आठवेना.

करार जयवंतीनं घडवून आणला होता. परदेशी शिकून परतल्यावर ती पाड्याच्या सभेत उभी राहिली. "आपलं गाणं कुणाच्या कपाटात ठेवायला द्यायचं नाही," ती म्हणाली. "ते स्वतः जाईल, तिथल्या माणसांत राहील, कामाला लागेल. तिकडचं इथं येईल. दोन्ही गाणी तरणी होतील." सगळ्यांनी हात वर केला. तिच्या आईनं, लाडकीनं, दोन्ही केले.

आता लाडकीचंच लग्न निघालं. तिचा आणि देवजीचा संसार जुना, पण लग्न राहून गेलेलं. पाड्यावर असं होतं. पोरं मोठी होतात, मग कधीतरी आईबाप मांडवात बसतात. पण देवजीचा दमा वाढला होता. अंगणातून चुलीपर्यंत येताना तो मध्ये थांबायचा. आणि लाडकीला त्याची लग्नाची बायको व्हायचं होतं.

जयवंतीनं लग्नापुरतं गाणं परत मागायला बेटावर फोन लावला. तिकडचं काम पाहणारी आल्मा म्हणाली, "समुद्र गोठलाय. बर्फ सुटेपर्यंत होडी निघणार नाही. शिवाय तुमच्या गाण्यानं आमच्या होड्यांची लग्नं लागलीत. आता एकटी होडी पाण्यात जात नाही."

"मग फोनवरच गायला सांगा ना त्याला!"

"फोनवर नुसता आवाज येईल, बाई. गाणं कसं येणार?"

हे जयवंतीला पटलं. ती मांडवात येऊन खाली बसली. "आये, माझ्यामुळे तुझं लग्न अडलं."

"मला सून करून आणल्यापासून अडलंय ते," लाडकी म्हणाली. "तू तेव्हा होतीस तरी का?"

चिमीबाय पाहुण्या गाण्याकडे गेली. त्याला ऊन सोसत नसे, म्हणून ते माठाच्या सावलीत राहत असे. बराच वेळ बोलून ती बाहेर आली. "होय म्हणतंय. पण त्याला एकच काम येतं. समुद्रात लांब गेलेल्याला घरी बोलवायचं."

"आमचा देवजी कधी गेलाय लांब?" कुणीतरी हसलं. "डहाणूला बाजाराला गेला तरी दुपारी परत!"

देवजीही हसला आणि खोकू लागला. लाडकी हसली नाही. "गाऊ दे," ती म्हणाली. "पण पाहुणं म्हणून नको. पाहुण्याला कामाला लावत नाहीत. माझी बहीण म्हणून गाऊ दे."

मग गाण्याला नाचणीची भाकर आणि ताडी दिली, लाडकीच्या कुळात घेतलं. सवाष्णींनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक काढला. नवरानवरी मांडवात बसली आणि चिमीबायच्या तोंडून गाणं सुरू झालं. शब्द कुणालाच कळले नाहीत. पण मध्येच देवजी उठला आणि शेताकडे चालू लागला. बांधापलीकडे दिसेनासा झाला.

जयवंती धावणार तोच लाडकीनं तिचा हात धरला. "बस. बोलावणं चाललंय."

चिमीबाय गात राहिली. तिचा आवाज बसत आला तेव्हा बांधावर देवजी दिसला. तो सरळ चालत आला, मध्ये कुठेही न थांबता. गुडघ्यापर्यंत भिजलेला, मिशीला मीठ लागलेलं.

"आलास?" लाडकीनं विचारलं.

"आलो."

"लागलं लग्न," चिमीबाय म्हणाली आणि पाणी मागितलं.

जयवंतीनं वडिलांचा ओला सदरा पिळला, आणि चौकावर थेंब उडू नयेत म्हणून दूरच्या कुडावर वाळत घातला. मंडळी जेवायला बसली.