हळदीकुंकवाला दुर्बीण

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला पलूसमध्ये विजयमालाबाईंनी हळदीकुंकू ठेवलं, ते खरं तर शालूबाईंसाठी. शालूबाईंच्या मुलासाठी लेकीचं स्थळ सांगून झालं होतं आणि त्या घरात शालूबाईंच्या होकाराशिवाय पान हलत नसे. "आज तेवढी दुर्बीण काढू नगा," असं विजयमालाबाईंनी नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं. पण सुभेदार लालासाहेब फौजेत हुकूम पाळून कंटाळले होते. दिवेलागणीनंतर त्यांनी परसात दुर्बीण लावलीच, आणि पहिला मान शालूबाईंना दिला.

"आगं बाई, किती ह्या चांदण्या. काटेरी हलवा सांडल्यागत."

"कृत्तिका त्या," लालासाहेब फुलले. "कार्तिकस्वामींच्या आया."

शालूबाई झटकन मागं सरल्या. सवाष्णीनं कार्तिकस्वामीचं दर्शन घेतलं की नवऱ्यावर बेततं, हे तिथं जमलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"आन पोरगं कुठं हाय? आया सहाच न्हवं? ह्यात तर सूपभर दिसत्यात."

इथं गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण लालासाहेबांना शास्त्र सोडवेना. "नुसत्या डोळ्यांनी सहा. आन ह्या समद्याच लय कोवळ्या बरं का. चांदण्यांतली बाळंच म्हणा."

"म्हंजे बाळ बघितलं मी," म्हणत शालूबाई मटकन खाली बसल्या. नेमका तेव्हाच सोप्यात त्यांच्या यजमानांना, आप्पासोंना, तिळाचा लाडू खाताना ठसका लागला. शालूबाईंनी मंगळसूत्र मुठीत धरलं. बाकीच्या बायका पदर सावरत दाराकडं सरकू लागल्या. लेकीचं लग्न परसातच मोडतंय, हे विजयमालाबाईंना दिसलं.

त्यांनी नळी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडं वळवली. "आवं आक्का, ह्यात बघा बरं जरा."

शालूबाईंनी भीत भीत बघितलं. खांबाचा बुंधा वर होता आणि दिवा खाली.

"ह्यात समदं उलटं दिसतंय," विजयमालाबाई म्हणाल्या. "मग दर्शन बी उलटंच घडलं. त्येचं फळ बी उलटं."

"म्हंजे?"

"पावण्यांचं आयुष्य वाढलं."

तेवढ्यात आप्पासोंचा ठसका थांबला आणि त्यांनी आणखी एक लाडू मागितला. शालूबाईंचा चेहरा खुलला.

"तसं न्हाई, ती नुसती प्रतिमा..." लालासाहेब सांगू लागले, तोच बायकोनं त्यांच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

शालूबाईंनी नळी परत कृत्तिकांकडं वळवून घेतली आणि पोटभर बघितलं. मागं बायकांची रांग लागली.

"पोरगी पसंत हाय," अखेर उठत त्या म्हणाल्या. "फकस्त एक खरं सांगा. ती बापावर तर गेली न्हाई न्हवं?"

"न्हाई," लाडू गिळत लालासाहेबच म्हणाले, "आईवर गेलीया."